पत्र वाचणारा कारकून कुठे शिकला, ते आधी शोधा

प्रश्न असा आला आहे: इजिप्त, आजच्या इराकमधलं बॅबिलोन, आजच्या तुर्कस्तानातले हित्ती, आणि कनान म्हणजे आजचा इस्रायल-पॅलेस्टाइन-लेबनॉनचा पट्टा, ही सगळी एकमेकांची शेजारी. भाषा निराळ्या, लिप्या निराळ्या, देव निराळे. मग ती एकमेकांशी बोलत कशी होती? आणि एकाची कथा दुसऱ्याच्या ग्रंथात सापडली की ती 'तिकडून आली' असं अभ्यासक कशाच्या जोरावर म्हणतात?

मी गेली सत्तावीस वर्षं अक्कादी, म्हणजे प्राचीन बॅबिलोनची भाषा, शिकवतो आहे. नवा विद्यार्थी आला की वर्षभरात कधीतरी हा प्रश्न विचारतोच. माझं उत्तर दरवेळी एकाच जागेवरून सुरू होतं. दोन राजांमधला सगळा व्यवहार कारकुनांच्या हातून व्हायचा, आणि ते कारकून नाईलकाठचे असोत की अनातोलियाच्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, पठारावरचे, एकाच जातीच्या पाठावर घडलेले होते. तो पाठ म्हणजे बॅबिलोनी शाळेतला. ही शाळा डोळ्यांसमोर आली की देव, कथा, कायदे इकडून तिकडे कसे गेले याचं बरंचसं कोडं सुटतं.

उदाहरणासाठी मी इ.स.पू. चौदावं आणि तेरावं शतक घेतो, कारण त्या काळाची कागदपत्रं आपल्याकडे भरपूर आहेत. कागद अर्थातच नव्हता, मातीच्या पाट्या होत्या. तळहातावर मावेल एवढी ओली माती, त्यात बोरूच्या टोकाने दाबलेल्या खुणा.

१८८७ साली इजिप्तमध्ये तेल-अल-अमार्ना इथे खतासाठी जुनी माती खणताना अशा पाट्या निघाल्या. इजिप्त म्हटलं की पपायरस आणि चित्रलिपी, त्यामुळे सुरुवातीला काही जाणकारांना त्या चक्क बनावट वाटल्या. अक्षरं मेसोपोटेमियाची कीलाक्षरं, म्हणजे खिळ्यांसारख्या खुणांची लिपी, होती आणि भाषा बहुतेक सगळीकडे अक्कादी, म्हणजे बॅबिलोनची. पुढे कळलं की ही जागा म्हणजे अखेनातेन राजाची राजधानी, आणि ज्या इमारतीत पाट्या होत्या तिच्या विटांवर 'फारोच्या पत्रांची जागा' असा शिक्का होता. आजवर तिथल्या एकूण ३८२ पाट्या माहीत आहेत, त्यांतली साडेतीनशेच्या आसपास पत्रं आहेत. जेमतेम तीस वर्षांचा हा दफ्तरखाना. बॅबिलोन, अश्शूर, उत्तर सीरियातलं मितन्नी, हित्ती आणि सायप्रस म्हणजे तेव्हाचं अलाशिया, यांच्या राजांची पत्रं त्यात आहेत. शिवाय कनान आणि सीरियातल्या लहानसहान मांडलिकांच्या पत्रांचा ढीग आहे.

इजिप्त त्या वेळी सगळ्यांत श्रीमंत आणि बलाढ्य होता. तरी पत्रव्यवहार इजिप्शियन भाषेत होत नव्हता. फारोचा कारकून बॅबिलोनच्या राजाला तर बॅबिलोनी भाषेत लिहायचाच, पण इजिप्तच्याच अंकित असलेल्या जेरुसलेमच्या अधिपतीशी होणारा व्यवहारही त्याच भाषेत चालायचा. सत्ता एकीकडे आणि पत्राची भाषा दुसरीकडे, हे आपल्याला नवं नाही. आपल्या मोडी पत्रांत फारसी शब्दांची आणि मायन्यांची केवढी गर्दी असते ते दफ्तरात बसलेल्या कुणालाही विचारा.

मायन्यावरूनच सुरुवात करू. अमार्नाचं कुठलंही पत्र उघडा, पहिली ओळ ठरलेली: 'अना' अमका 'किबीमा', 'उम्मा' तमका'मा'. म्हणजे 'अमक्याला सांग: तमका असं म्हणतो'. हे 'सांग' कुणाला म्हटलं आहे? पत्र पोचवणाऱ्याला, वाचून दाखवणाऱ्याला. राजा वाचत नाही, त्याला ऐकवायचं असतं. पत्राची ही पहिली ओळच सांगते की मधे एक माणूस आहे आणि पाटी त्याच्या हातात आहे. मायना झाला की क्षेमकुशल: मी ठीक आहे, तू, तुझं घर, तुझ्या बायका, मुलं, सरदार, घोडे, रथ, सगळं ठीक असो. मोठे राजे एकमेकांना 'भाऊ' म्हणतात. मांडलिक लिहितो तेव्हा फारो 'माझा स्वामी, माझा देव, माझा सूर्य' होतो आणि लिहिणारा त्याच्या पायांवर 'सात वेळा आणि आणखी सात वेळा' लोटांगण घालतो.

या साच्याच्या आत माणसं कशी बोलतात ते पाहा. बॅबिलोनचा बुर्ना-बुरिआश एकदा आजारी पडला आणि फारोकडून विचारपूस आली नाही. तो रागावला. माझ्या भावाला माझं दुखणं कळलं नाही का, त्याने कुणाला पाठवलं का नाही, अशी त्याची तक्रार. इजिप्तचा दूत दरबारात होता, तो म्हणाला की देश काही जवळ नाही, तुमच्या भावाला कोण कळवणार? राजाचा विश्वास बसेना. त्याने स्वतःच्या दूताला विचारलं, खरंच का इतकं लांब आहे? तो हो म्हणाला, तेव्हा राग गेला. हे सगळं बुर्ना-बुरिआशने स्वतःच पत्रात लिहून पाठवलं आहे. हे पत्र मी वर्गात नेहमी वाचायला देतो, कारण 'शेजारी' या शब्दाला त्या काळात किती मैलांचा अर्थ होता हे त्यातून एका झटक्यात कळतं. दोन दरबार एकमेकांना वर्षानुवर्षं पत्रं लिहितात आणि एका राजाला दुसऱ्याचा देश किती लांब आहे हेच नीट माहीत नाही. माहीत असतं ते दूताला.

अश्शूरच्या अश्शूर-उबल्लितचा सूर वेगळा. तुझ्या देशात सोनं मातीसारखं आहे, नुसतं गोळा करायचं, मग हात आखडता का घेतोस, मी नवा वाडा बांधतो आहे, असं तो सरळ विचारतो. आणि त्याच पत्रात, माझ्या दूतांना उन्हात तिष्ठत का ठेवता, ते उन्हात मरतील, हेही. राजकुमारी, सोनं, लाजवर्दी, घोडे, वैद्य, मूर्ती यांची ही देवघेव. मितन्नीच्या तुश्रत्ताने तर निनवेच्या देवीची मूर्ती इजिप्तला पाठवली होती. त्या पत्राच्या पाटीवर इजिप्शियन कारकुनाने शाईने, आपल्या हिएराटिक या भरभर लिहायच्या लिपीत, पत्र पोचल्याची नोंद केली आहे. मातीवर परक्या लिपीचा मजकूर आणि त्याच मातीवर आपल्या लिपीतली शाईची ओळ. दोन लेखनसंस्कृतींची गाठ बघायची असेल तर ती पाटी बघा.

आता मुद्द्याचं. हा इजिप्शियन कारकून बॅबिलोनी शिकला कसा?

पत्रांबरोबर तिथे काही पाट्या अशा निघाल्या ज्यांचा राजकारणाशी काडीचा संबंध नाही. चिन्हांच्या याद्या. शब्दांच्या याद्या, त्यांतली एक इजिप्शियन शब्द कीलाक्षरांत लिहून दाखवणारी. आणि कथा. त्यांतली एक आहे अदापाची. अदापा हा एरिदू नगरीचा ज्ञानी पुरुष. दक्षिणेच्या वाऱ्याने त्याची नाव उलटवली म्हणून त्याने वाऱ्याचा पंखच मोडला. आकाशदेव अनूने त्याला जाब विचारायला बोलावलं. जाताना एआ देवाने बजावलं, तिथे देतील ती भाकरी खाऊ नकोस, पाणी पिऊ नकोस, ते मरणाचं असेल. प्रत्यक्षात अनूने दिलं ते जीवनाचं अन्नपाणी होतं. अदापाने ते नाकारलं आणि माणसाचं अमरत्व तिथेच हुकलं.

या कथेचा आज उपलब्ध असलेला सगळ्यांत मोठा तुकडा बॅबिलोनमध्ये सापडलेला नाही, इजिप्तमध्ये सापडला आहे. अमार्नाच्या त्या पाटीवर ओळींमधून जागोजागी लाल शाईचे ठिपके आहेत. कीलाक्षरांत शब्द तोडून लिहीत नाहीत, सलग लिहितात. परभाषकाला शब्द कुठे संपला ते कळत नाही. आणि लाल ठिपके देऊन वाक्याचे तुकडे पाडणं ही इजिप्तच्या कारकुनांची, पपायरसवरची, जुनी सवय. म्हणजे कुणीतरी ही बॅबिलोनी कथा समोर ठेवून, आपल्या सवयीप्रमाणे ठिपके देत, वाचायला शिकत होतं. मला विचाराल तर प्राचीन जगातल्या सांस्कृतिक संपर्काचा याहून जिवंत पुरावा दुसरा नाही. कथा इजिप्तला गेली ती भाषेच्या धड्यातला उतारा म्हणून. सैन्य, व्यापारी, पुरोहित यांच्यापैकी कुणीही तिला नेलेलं नाही.

हे एकट्या इजिप्तचं नाही. 'ऊर्रा = हुबुल्लु' नावाची एक सुमेरी-अक्कादी शब्दयादी आहे (सुमेरी ही मेसोपोटेमियाची अक्कादीहून जुनी भाषा), पूर्ण रूपात चोवीस पाट्यांची. लाकडाच्या वस्तू, बोरूच्या वस्तू, भांडी, कातडं, प्राणी, दगड, वनस्पती, खाणंपिणं असं सगळं जग तिच्यात ओळीने मांडलं आहे. नावातले दोन शब्द म्हणजे यादीची पहिलीच जोडी, अर्थ 'व्याजी कर्ज'. ही यादी हित्तींच्या हत्तुसा राजधानीत सापडते, युफ्रेटिसकाठच्या एमारमध्ये सापडते, भूमध्यसागराच्या किनाऱ्यावरच्या उगारितमध्ये सापडते, अश्कलोनमध्येही तिचा तुकडा मिळाला आहे. उगारितच्या कारकुनांनी तर चार रकान्यांच्या याद्या केल्या: सुमेरी, अक्कादी, मितन्नीत बोलली जाणारी हुर्री आणि आपली उगारिती. त्यात देवांची नावंही एकासमोर एक मांडली. देवांची अशी जुळवाजुळव यादीत झाली की पुढे कवितेत ती होणं फार सोपं जातं.

आपल्याकडे शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंतांनी राजव्यवहारकोश केला, त्यात फारसी-दखनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. हेतू उलटा होता, परके शब्द बाहेर काढण्याचा. तरी साधन तेच, शब्दांची यादी, आणि ती करणारेही दफ्तरातलेच.

शाळा एक असली तरी विद्यार्थ्याच्या तोंडातली भाषा जात नाही, आणि अभ्यासकाला खरी मेजवानी तिथेच मिळते. कनानच्या कारकुनांची अक्कादी वाचताना पहिल्या महिन्यात विद्यार्थी वैतागतात, कारण शब्द अक्कादी आणि व्याकरण घरचं. अक्कादीत क्रियापद शेवटी येतं. ती अरबी-हिब्रूच्या कुळातली भाषा, तिच्यात ते शेवटी यायचं कारण नव्हतं, पण शेकडो वर्षं सुमेरीच्या शेजारी राहून ती सवय तिला लागली. कनानच्या कारकुनाला ही सवय नाही, तो क्रियापद बिनधास्त पुढे आणतो. आणि एखाद्या शब्दाची खात्री वाटेना की अक्कादी शब्दानंतर एक तिरकी खूण करून आपल्या बोलीतला शब्द लिहून टाकतो.

लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या बिब्लॉसचा रिब-हद्दा हा त्या दफ्तरातला सगळ्यांत जास्त लिहिणारा माणूस, त्याची साठेक पत्रं आहेत आणि जवळपास प्रत्येकात मदतीची हाक आहे. त्याची एक आवडती उपमा आहे: सापळ्यातल्या पक्ष्यासारखा मी बिब्लॉसमध्ये अडकलो आहे. सापळ्यासाठी त्याचा कारकून आधी अक्कादी 'हुहारु' लिहितो, मग ती तिरकी खूण, मग 'किलूबि'. हा 'किलूबि' म्हणजे हिब्रू बायबलमधला 'केलूब'. यिर्मयाच्या ग्रंथात तो पक्ष्यांच्या पिंजऱ्यासाठी येतो. बायबलचा तो भाग लिहिला जाण्याच्या सातेकशे वर्षं आधी हाच शब्द, हाच पक्षी, कनानच्या पत्रात आहे. असंच जेरुसलेमच्या अब्दि-हेबाचं. या जागी मला आईने बसवलं नाही की बापाने नाही, 'राजाच्या बलवान बाहूने' बसवलं, असं तो लिहितो. बाहूसाठी शब्द कनानी आहे, 'झुरुह'. कल्पना मात्र इजिप्तची, तिथे फारोच्या बलवान बाहूचं स्तोत्र कायम चालू असतं. पुढे बायबलमध्ये देवाने आपल्या लोकांना इजिप्तमधून बाहेर काढलं ते 'बलवान हाताने आणि पसरलेल्या बाहूने'. फारोचा अलंकार फारोच्याच विरोधात वापरला गेला. बॅबिलोनी लिपी, कनानी शब्द, इजिप्शियन कल्पना, एका मांडलिकाच्या एका वाक्यात.

हित्तींकडे गेलं की हीच गुंफण आणखी घट्ट दिसते. हत्तुसामध्ये, आजच्या तुर्कस्तानातल्या बोआझकाले इथे, १९०६ पासून तीसेक हजार पाट्या आणि तुकडे निघाले आहेत. लिपी वाचता येत होती, भाषा कळत नव्हती. १९१५ मध्ये बेद्रिख ह्रोझ्नी या चेक विद्वानाने ती सोडवली ती ज्या वाक्याच्या आधाराने, ते वाक्य मी फळ्यावर लिहितोच: 'नु निन्दा-अन एज्जातेनि, वातर-मा एकुतेनि'. यातलं 'निन्दा' हे सुमेरी चिन्ह आहे, भाकरी. हित्ती माणूस ते बघून आपल्या भाषेतला शब्द उच्चारायचा आणि शेपटाला आपला प्रत्यय जोडायचा. ५ हा आकडा बघून आपण 'पाच' म्हणतो आणि तमीळ माणूस 'ऐंदु' म्हणतो, तसंच. ह्रोझ्नीला भाकरी माहीत होती. मग 'एज्जा' म्हणजे खाणं असणार, संस्कृत 'अद्' धातूचा भाऊबंद, आणि 'वातर' म्हणजे पाणी, 'उदक'चा नातलग. 'आता तुम्ही भाकरी खाल आणि पाणी प्याल.' सुमेरी चिन्ह, बॅबिलोनी अक्षरं आणि भाषा थेट आपल्या संस्कृतच्या कुळातली.

राजकीय भाषांतर कसं व्हायचं याचा उत्तम नमुना म्हणजे इ.स.पू. १२५९चा तह, दुसरा रामेसेस आणि हित्तींचा तिसरा हत्तुसिली यांच्यातला. पंधरा वर्षांपूर्वी सीरियातल्या कादेशला इजिप्त आणि हित्ती यांची सैन्यं भिडली होती. तह चांदीच्या पत्र्यांवर कोरून एकमेकांना दिला, ते पत्रे गेले. राहिले ते मजकूर: इजिप्तमध्ये कर्नाकच्या देवळाच्या भिंतीवर आणि रामेसियम या रामेसेसच्या देवळात चित्रलिपीत, हत्तुसामध्ये मातीच्या पाट्यांवर अक्कादीत. आता गंमत अशी की कर्नाकच्या भिंतीवर कोरलेला मजकूर म्हणजे हित्तींनी तयार करून पाठवलेल्या मसुद्याचं इजिप्शियन भाषांतर आहे, आणि हत्तुसाला सापडलेला अक्कादी मजकूर इजिप्तकडून गेलेला आहे. प्रत्येकाने दुसऱ्याचा शब्द आपल्या घरी जपला. फक्त भिंतीवर कोरताना इजिप्तच्या कारकुनाने वर प्रस्तावना जोडली, तीत हित्ती राजाने शांततेची याचना करायला दूत पाठवले, असं आहे. कलमं बदलली नाहीत. सूर बदलला. भाषांतर करणाऱ्याला कुठे हात लावायचा नाही आणि कुठे लावायचा, हे पक्कं ठाऊक होतं.

आता कथांकडे. उरुकचा राजा गिल्गमेश याच्या बॅबिलोनी महाकाव्याचे तुकडे हत्तुसामध्ये अक्कादी, हित्ती आणि हुर्री अशा तीन भाषांत मिळतात, कनानमधल्या मेगिद्दोला १९५०च्या दशकात एक तुकडा मिळाला. हित्ती रूपांतर वाचताना लक्षात येतं की उरुक शहरातले प्रसंग त्यात आवरते घेतले आहेत. अनातोलियातल्या श्रोत्याला दूरच्या उरुकच्या तटबंदीत काय रस? म्हणजे 'प्रभाव' म्हणताना घेणाऱ्याच्या बाजूची निवड विसरू नये. देणारा देतो ते सगळं कुणी घेत नाही.

त्याहून लांबचा प्रवास कुमार्बीच्या कथेचा. मूळ कथा हुर्री लोकांची, पण आपल्याला ती हित्ती भाषेत मिळाली. स्वर्गात आधी अलालु राजा, त्याला अनूने हाकललं, अनूला कुमार्बीने, आणि हाकलताना कुमार्बीने अनूचं पौरुष दातांनी तोडून गिळलं. त्यातून त्याच्या पोटात वादळदेव तेशुब वाढला, आणि पुढे राज्य त्याच्याकडे गेलं. यातले अलालु आणि अनू मेसोपोटेमियाचे देव. आणि इ.स.पू. ७००च्या सुमारास ग्रीक कवी हेसिओड काय सांगतो? आकाशदेव उरानोस, त्याचं लिंग कापणारा क्रोनोस, आपली मुलं गिळणारा क्रोनोस, आणि शेवटी वादळाचा धनी झ्यूस. क्रम तोच, कापाकापी तीच, गिळणंही तेच.

इथे संशयी विद्यार्थी म्हणतो, योगायोग असेल. असू शकतो. म्हणून मी त्याला डोंगर दाखवतो. सीरिया आणि तुर्कस्तानच्या आजच्या सीमेवर समुद्रालगत एक उंच डोंगर उभा आहे. हित्ती-हुर्री कथांत तो हाझ्झी. कुमार्बीचा दगडी राक्षस समुद्रात वाढतो तेव्हा देव त्याला याच डोंगरावरून पाहतात. उगारितच्या लोकांचा तो साफोन, बआल देवाचं घर. ग्रीकांचा तो कासिओन, आणि झ्यूस टायफोन राक्षसाशी झुंजतो त्या कथेच्या ग्रीक रूपांत हा डोंगर नावानिशी येतो. कथेबरोबर पत्ताही आला. अशा वेळी योगायोग म्हणणं मला जड जातं.

प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचं उत्तर इथेच आहे. नुसत्या साम्यावर मी कधी विसंबत नाही. मला वाट लागते: एखादा शब्द, एखादं स्थळनाम, एकाच क्रमाने येणारी कलमं, किंवा ती पाटी त्या गावात सापडलेली असणं. इजिप्तच्या आमेनेमोपेचं उपदेशपर पुस्तक घ्या. त्याचा पपायरस ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, १९२३ साली छापून आला आणि पुढच्याच वर्षी आडोल्फ एर्मानने दाखवून दिलं की बायबलच्या नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायापासूनचा भाग त्याच्याशी ओळीओळीने जुळतो. गरिबाला लुबाडू नकोस, शेताची जुनी मेर सरकवू नकोस, तापट माणसाशी मैत्री करू नकोस. असा उपदेश कुठल्याही खेड्यातली आजी करेल, त्यावरून काही सिद्ध होत नाही. पण त्या हिब्रू भागात एक शब्द अडत होता. 'मी तुझ्यासाठी लिहिलं नाही का...' आणि पुढचा शब्द धड लागत नव्हता, कुणी 'पूर्वी' म्हणे, कुणी 'उत्तम गोष्टी'. जरा वेगळा स्वर घालून वाचलं तर तो 'तीस' होतो. आणि आमेनेमोपेच्या पुस्तकाचे अध्याय मोजून तीस आहेत, शेवटच्यात लेखक म्हणतो, हे तीस अध्याय पाहा. शेजाऱ्याच्या ग्रंथाने आपल्या ग्रंथातला बिघडलेला शब्द दुरुस्त करून दिला. असा पुरावा हाती आला की बोलावं.

मराठी वाचकाचा पुढचा प्रश्न मला आधीच ऐकू येतो: जलप्रलयाचं काय? गिल्गमेशच्या अकराव्या पाटीवर प्रलय आहे, नौका आहे, पाणी ओसरलं का ते बघायला सोडलेले पक्षी आहेत; बायबलच्या नोहाकडेही पक्षी आहेत. पक्षी सोडण्याची ही बारीक खूण दोन्हीकडे आहे, आणि त्या कथा शिकवणाऱ्या शाळा कनानपर्यंत होत्या. तिथे मी संबंध मानतो. शतपथ ब्राह्मणात मनू आणि मत्स्याची कथा आहे, तिच्यातही प्रलय आणि नाव आहे. पण तिथे मला पक्षी दिसत नाहीत, शब्द दिसत नाही, कीलाक्षरांची शाळा सिंधूच्या अलीकडे दिसत नाही. त्यामुळे माझ्या वर्गात ती कथा 'तिकडून आली' किंवा 'इकडून गेली' असं कुणाला म्हणू देत नाही. दोन्ही बाजूंची माणसं यावर नाराज होतात.

भारताशी खरा, लेखी दुवा दुसरीकडे आहे आणि तो फार सुंदर आहे. हित्तींचा सुप्पिलुलिउमा आणि मितन्नीचा शत्तिवाझा यांच्या तहात साक्षीला बोलावलेल्या देवांच्या लांबलचक यादीत मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य आहेत. अक्कादी भाषेच्या तहात, सीरियाच्या उत्तरेला, इ.स.पू. चौदाव्या शतकात. हत्तुसामध्येच मितन्नीच्या किक्कुलीची घोडे तयार करण्याची पोथी मिळाली. तीत फेऱ्यांचे शब्द येतात: ऐक-वर्तन्न, तेर-वर्तन्न, पंझ-वर्तन्न, सत्त-वर्तन्न. एक, त्रि, पंच, सप्त. 'वर्तन' म्हणजे वळसा. पहिल्यांदा हे शब्द वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता आणि अजूनही येतो. तरी लक्षात घ्या, पोथी हित्ती भाषेत आहे, किक्कुलीच्या देशात लोक हुर्री बोलत, आणि हे शब्द फक्त रथाच्या धंद्यातले उरले आहेत, जसे आपल्याकडे गवंड्याच्या किंवा तोफखान्याच्या तोंडी परके शब्द उरतात. त्यावरून 'मितन्नीत संस्कृत चालत होती' असं म्हणणं म्हणजे मराठी गॅरेजमध्ये 'क्लच' आणि 'गिअर' ऐकून गावाची भाषा इंग्रजी ठरवणं आहे.

शेवटी एक पाटी दाखवतो, जी मला या सगळ्यात सर्वांत जवळची आहे. अमार्नाच्या ढिगात दोन पत्रं अशी होती जी कुणाला वाचता येईनात. ती अनातोलियाच्या पश्चिमेकडच्या अर्झावा राज्याशी झालेल्या पत्रव्यवहारातली, फारोसाठी अर्झावाची मुलगी मागण्याच्या बोलणीतली. भाषा हित्ती निघाली. अर्झावाकडून आलेल्या पत्रात राजाचा निरोप संपतो आणि खाली वेगळा मजकूर सुरू होतो. तो राजाने राजाला लिहिलेला नाही. अर्झावाचा कारकून, ज्याला कधी भेटण्याची शक्यता नाही अशा इजिप्तच्या कारकुनाशी बोलतो आहे. ही पाटी जो कारकून वाचेल त्याला ज्ञानाचा राजा एआ आणि सूर्यदेव प्रेमाने सांभाळोत, आपले हात तुझ्याभोवती मायेने धरोत, असं तो म्हणतो. एआ हा बॅबिलोनचा देव, अदापाला बजावणारा तोच. दोघांच्याही देशाचा नाही, दोघांच्या शाळेचा आहे. मग तो पुढे विनंती करतो: कारकुना, तू मला नीट लिही आणि शेवटी तुझं नावही घाल. आणि इकडे ज्या पाट्या येतात, त्या नेहमी हित्तीत लिहीत जा.